दरवर्षी त्याच भिंतीला ओल येते? रंगाऱ्याला बोलावण्याआधी हे तपासा

आमच्या बैठकीच्या खोलीची रस्त्याकडची भिंत सात वर्षांत चार वेळा रंगवून झाली. दरवेळी क्रम तोच. पाऊस सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले की फरशीलगत रंग फुगायला लागायचा. मग पोपडे सुटायचे, खाली पांढरी भुकटी साचायची आणि कपाटामागून कुबट वास यायचा. पाऊस सरला की भिंत कोरडी दिसायची. आम्ही खरवडायचो, पुट्टी भरायचो, ओल रोखणारा म्हणून विकला जाणारा महागाचा थर लावायचो आणि वरून रंग द्यायचो. पुढच्या वर्षी ओल पुन्हा हजर, आणि तीही आधीपेक्षा चार बोटं वर चढलेली.

आठव्या वर्षी रंगकाम न काढता आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं ठरवलं. त्यात दीड महिना गेला, पण कारण सापडलं, आणि ते भिंतीच्या आत नव्हतंच. ज्यांच्या स्वतंत्र घरात, बंगल्यात किंवा रो-हाऊसमध्ये हा त्रास वर्षानुवर्षं परत येतोय, त्यांच्यासाठी तपासण्याचा क्रम लिहितो. आम्ही नेमक्या उलट्या क्रमाने गेलो आणि पैसे घालवले, म्हणून एवढं सविस्तर.

भिंत काय सांगते ते आधी बघा

एक पेन्सिल घ्या. ओलीच्या डागाची कड आखा आणि बाजूला तारीख लिहा. दर आठवड्याला हेच करा. महिन्याभरात भिंतीवर नकाशा तयार होतो आणि निम्मं उत्तर त्यातच असतं.

डाग फरशीपासून सुरू होऊन साधारण कमरेपर्यंत येत असेल, वरची कड आडवी पण वेडीवाकडी असेल आणि त्या कडेलाच पांढरी भुकटी जास्त असेल, तर पाणी जमिनीतून वर चढतंय. विटेच्या आणि गिलाव्याच्या बारीक छिद्रांतून पाणी दिव्याच्या वातीतल्या तेलासारखं वर खेचलं जातं. छिद्र जितकं बारीक तितकं ते उंच जातं. भिंतीच्या पृष्ठभागावरून पाणी सतत उडून जात असल्यामुळे प्रत्यक्षात ही चढण बहुधा मीटरभराच्या आसपास थांबते. म्हणून छाताडाच्या वर ओल दिसली तर जमिनीला दोष देण्याआधी दुसरं कारण शोधा.

डाग छताला लागून असेल तर गच्ची किंवा पन्हळ. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तिरका उतरत असेल तर खिडकीची चौकट किंवा छज्जा. आणि भिंतीच्या मध्येच, ऋतू कोणताही असो, एकसारखा गोल डाग असेल तर आत पाईप आहे असं समजूनच पुढे जा.

वेळही बघा. पाऊस पडल्यावर दोन-तीन तासांत डाग गडद होत असेल तर पाणी थेट फटीतून येतंय. आठवडे लागत असतील तर ते मातीतून झिरपतंय. आणि भर उन्हाळ्यातही डाग तसाच असेल तर त्याचा पावसाशी संबंध नाही, नळाशी किंवा सांडपाण्याशी आहे.

पांढरं दिसतं ते सगळं एकच नसतं. बोटाने चोळल्यावर कुरकुरीत लागतं आणि पाण्यात विरघळतं ते क्षार, म्हणजे आपण म्हणतो तो लोणा. चोळल्यावर पसरतं आणि वास येतो ती बुरशी. लोणा म्हणजे भिंतीतून पाणी बाहेर येऊन उडून गेल्याचा पुरावा. बुरशी मात्र नुसत्या दमट हवेवरही वाढते.

एक गोष्ट मात्र थांबू नये अशी. ओल्या भागात स्विचबोर्ड असेल, किंवा पावसात आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) वारंवार पडत असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि तोवर त्या बोर्डाचा पुरवठा बंद ठेवा. आरसीसीबी पुन्हा पुन्हा वर करून वेळ मारून नेऊ नका. ती पडते म्हणजे वीज कुठेतरी गळतेय, आणि ती ओल्या भिंतीत उतरत असू शकते.

हवेतली ओल की भिंतीतली?

ही चाचणी सगळ्यात स्वस्त आहे आणि बहुतेक लोक ती करतच नाहीत. हातभर लांब-रुंद अॅल्युमिनियमची फॉइल किंवा जाड प्लास्टिक डागावर ठेवा आणि चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद करा. दोन दिवसांनी बघा. खोलीकडच्या बाजूला दव असेल तर हवेतली वाफ थंड भिंतीवर साचतेय. मागच्या बाजूला, भिंतीकडे, पाणी असेल तर ओल भिंतीतूनच येतेय.

हवेतली वाफ असेल तर काम सोपं आहे. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या, ओले कपडे खोलीत वाळत घालू नका, स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात हवा बाहेर टाकणारा पंखा लावा. आमच्याकडे फॉइलच्या मागे थेंब लोंबत होते, त्यामुळे पुढे जावं लागलं.

नळ आणि सांडपाणी

रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि सकाळी कोणी नळ उघडण्याआधी पुन्हा बघा. आकडा हलला तर गळती आहे. पण वर टाकी असेल तर ही चाचणी फसवते, कारण टाकी भरत असली तरी मीटर फिरतो. म्हणून टाकीत येणारा व्हॉल्व्ह आधी बंद करा. म्हणजे मीटरपासून टाकीपर्यंतच्या पाईपची परीक्षा होते. टाकीतून घरात उतरणाऱ्या पाईपसाठी टाकीच्या आत पाण्याच्या पातळीवर खूण करा आणि सकाळी ती किती उतरली ते बघा.

सांडपाण्याच्या पाईपला दाब नसतो, त्यामुळे तिथे मीटर काही सांगत नाही. न्हाणीघराची मोरी बंद करून तळाशी दोन बोटं पाणी उभं करा, पातळीची खूण करा आणि काही तास थांबा. पातळी उतरली तर फरशीतून किंवा मोरीच्या सांध्यातून पाणी जातंय. पाणी जाताना कुठे निघतं ते बघायचं असेल तर त्यात खाण्याचा गडद रंग मिसळा. बाहेरच्या चेंबरमध्ये तो दिसणं ठीक, भिंतीच्या पायथ्याशी दिसला तर सापडलं.

वरून येणारं पाणी

गच्चीचा उतार आउटलेटकडे आहे का, आउटलेटच्या जाळीवर पानं अडकली आहेत का, कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तिथे चीर आहे का, एवढं आधी डोळ्यांनी बघा. खात्री करायची असेल तर आउटलेट बंद करून 25 मिलिमीटर पाणी 24 तास उभं करतात. त्याहून जास्त उभं करू नका. 25 मिलिमीटर पाण्याचं वजन दर चौरस मीटरला 25 किलो होतं. गच्ची जुनी असेल, सळ्या उघड्या पडल्या असतील, तर ही चाचणी इंजिनिअरला विचारल्याशिवाय नकोच.

बाहेरची भिंत तपासायची असेल तर नळी घ्या आणि खालून वर जा. एका जागी दहा-पंधरा मिनिटं पाणी सोडायचं, आत माणूस उभा करायचा, मग हातभर वर सरकायचं. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळून सगळीकडे जातं आणि कुठून आत शिरलं ते कळत नाही. छज्ज्याच्या आणि खिडकीच्या पट्टीच्या खालच्या कडेला बोटभर खाच असायला हवी. त्या खाचेमुळे थेंब भिंतीकडे न सरकता तिथेच खाली पडतो. रंगाच्या आणि गिलाव्याच्या थरांनी ती खाच बुजलेली असते. ती मोकळी करायला अर्धा दिवसही लागत नाही.

जमीन: आमचं उत्तर इथे होतं

घर बांधताना जोत्याच्या पातळीवर भिंतीत ओल अडवणारा एक थर घालतात. गवंडी त्याला डीपीसी म्हणतात. जमिनीतलं पाणी त्याच्या वर जाऊ नये ही त्याची जबाबदारी. पण तो थर बाहेरच्या जमिनीपासून किमान 15 सेंटिमीटर वर असेल तरच काम करतो. घर बांधताना तो तसा असतोही. नंतर आपणच जमीन वर आणतो.

आमच्या भिंतीलगत फुलझाडांचा वाफा होता. घर घेतल्यावर आईने हौसेने केलेला. दरवर्षी त्यात खत आणि माती पडत गेली. एका रविवारी कुदळ घेऊन मी भिंतीलगतची माती उकरायला लागलो. वरची माती मोकळी होती. वीतभर खाली गेल्यावर ती चिखलासारखी हाताला चिकटायला लागली, आणि तेव्हा पाऊस थांबून बारा दिवस झाले होते. भिंतीचा गिलावा तिथे नखाने निघत होता. आणखी चार बोटं खाली गेल्यावर विटांच्या मध्ये काँक्रीटची एक सलग पट्टी दिसली. तीच डीपीसी. जमिनीच्या वर किमान 15 सेंटिमीटर असायला हवी ती उलट वीतभराहून जास्त जमिनीखाली गेली होती. म्हणजे ओली माती त्या थराच्या वरच्या विटांना थेट चिकटून बसली होती, आणि आम्ही आतून रंग लावत होतो.

शिवाय बाहेरचा गिलावा वरपासून मातीत घुसेपर्यंत अखंड होता. डीपीसी जरी मोकळी असती तरी पाणी त्या गिलाव्यातून तिला वळसा घालून वर गेलं असतं. हे फार घरांत असतं. दिसायला नीटनेटकं वाटतं म्हणून गवंडी गिलावा जमिनीपर्यंत उतरवतो.

तुमच्याकडे वाफा नसेल तर फरशीवर फरशी बसवली आहे का ते बघा. अंगणात जुनी फरशी न काढता नवी लावली की एका खेपेला चार-पाच सेंटिमीटर पातळी चढते. मोजायला पारदर्शक नळीत पाणी भरून केलेली पाणसळ पुरते. नळीचं एक टोक घरातल्या फरशीच्या पातळीला धरा, दुसरं बाहेर, आणि फरक टेपने मोजा. मी दहा ठिकाणी मोजलं आणि कागदावर आकडे लिहिले. ते आकडे पुढे फार उपयोगी पडले, गवंड्याशी बोलताना आणि शेजाऱ्यांशी बोलतानाही.

गच्चीचं पाणी कुठे पडतं तेही इथेच तपासा. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. 100 चौरस मीटर गच्चीवर 25 मिलिमीटर पाऊस झाला तर 2500 लिटर पाणी दोन-तीन पाईपांतून खाली येतं. आमचा एक पाईप नेमका त्या वाफ्याच्या कोपऱ्यात सोडलेला होता, झाडांना पाणी मिळावं म्हणून. एका जोरदार सरीत शेकडो लिटर पाणी पायाशी ओतलं जात होतं.

मग गल्लीत उतरा

वाफा काढला, पाईप वळवला आणि पुढच्या मोठ्या पावसात मी छत्री घेऊन फाटकाबाहेर अर्धा तास उभा राहिलो. ही सूचना मनापासून करतो: जोराचा पाऊस सुरू असताना, पाणी साचून धोका नसेल तर, आपल्या घराभोवती आणि गल्लीच्या दोन्ही टोकांना एक चक्कर माराच. कोरड्या दिवशी हे काहीही दिसत नाही.

रस्ता आमच्या अंगणापेक्षा उंच झाला होता. जुना थर न खरवडता डांबराचा नवा थर टाकला की रस्ता दरवेळी काही सेंटिमीटर चढतो. तीन-चार खेपांत पूर्वी फाटकाबाहेर उतरणारं पाणी उलटं आत यायला लागतं. आमच्या फाटकाखालून पाण्याचा पातळ पडदा सरळ त्या भिंतीकडे येत होता. दुसरीकडे, शेजारच्या घराने बागेची माती झाकून पूर्ण अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले होते. पूर्वी जे पाणी मातीत मुरायचं ते आता सामाईक कंपाउंडच्या तळाशी धावत येत होतं. आणि गल्लीच्या टोकाच्या गटारावरची जाळी पानांनी इतकी झाकली होती की त्यावर डबकं उभं होतं.

शेजाऱ्यांकडे तक्रार घेऊन गेलो असतो तर बोलणं तिथेच संपलं असतं. मी काकांना पावसातच बोलावलं आणि दोघांनी मिळून पाणी कुठून कुठे जातं ते पाहिलं. त्यांच्याही स्वयंपाकघराच्या भिंतीला त्याच बाजूला लोणा लागला होता, ते त्यांनी तेव्हाच दाखवलं. पंधरा दिवसांनी कंपाउंडच्या त्यांच्या बाजूने ब्लॉकची एक ओळ काढून तिथे खडी भरलेली चर केली. खर्च दोघांनी वाटून घेतला. भिंत सामाईक आणि पाणीही सामाईक, तेव्हा उपाय एकट्याने होतच नाही असं मला आता वाटतं.

रस्त्याबाबत आम्ही पाच घरांनी मिळून अर्ज दिला. त्यात पावसातले फोटो, तारखा आणि पाणसळीने मोजलेले आकडे जोडले. मागणी एकच ठेवली: पुढच्या वेळी जुना थर खरवडून मगच नवा टाकावा. तसं होईपर्यंत फाटकाच्या आत आडवी, जाळी बसवलेली नाली करून घेतली. गटाराची जाळी आता पहिल्या पावसाआधी आणि नंतर दर रविवारी आम्हीच आळीपाळीने साफ करतो.

दुरुस्तीचा क्रम

आधी पाणी तोडायचं, मग भिंत वाळू द्यायची, मग गिलावा, आणि रंग अगदी शेवटी. आम्ही इतकी वर्षं शेवटून सुरुवात करत होतो.

भिंतीलगतची माती डीपीसीच्या 15 सेंटिमीटर खाली नेली. साधारण फूटभर रुंदीची पट्टी खडीने भरली. फरशीवर आपटणारे पावसाचे थेंब भिंतीवर उडतात, खडीवर तसे उडत नाहीत आणि भिंतीच्या पायाला हवाही मिळते. पुढची जमीन घरापासून दूर उतरती केली. मातीला पहिल्या 3 मीटरमध्ये 15 सेंटिमीटर उतार चांगला, पक्क्या फरशीला मीटरमागे 2 सेंटिमीटर पुरतो. बाहेरचा गिलावा डीपीसीच्या वरच कापून थांबवला. गच्चीच्या पाईपचं तोंड भिंतीपासून दोन मीटर लांब नेलं. आईचा वाफा कंपाउंडच्या बाजूला हलवला. जास्वंद तिथे रुजली, मोगरा मात्र गेला.

माती उकरताना पायाच्या खाली जाऊ नका. पायाच्या वरच थांबायचं. भिंतीत तिरक्या चिरा असतील आणि त्या रुंदावत असतील, किंवा दार अचानक अडकायला लागलं असेल, तर कुदळ लावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. पाण्याने पायाखालची माती सरकली असेल तर तो प्रश्न ओलीपेक्षा मोठा आहे.

आतला गिलावा ओलीच्या सर्वात वरच्या पेन्सिलखुणेच्याही दीड-दोन वीत वरपर्यंत काढून टाका. हा भाग लोकांना पटत नाही, कारण गिलावा वरून घट्ट दिसतो. पण इतक्या वर्षांत त्यात क्षार साठलेले असतात, आणि त्यातले काही क्षार हवेतलं पाणी स्वतःच ओढून घेतात. पाण्याचा स्रोत बंद झाला तरी दमट दिवसांत तीच जागा पुन्हा ओली दिसते आणि माणसाला वाटतं, सगळं वाया गेलं.

मग थांबायचं. भिंत वाळायला ठोकताळा असा की जाडीच्या दर 25 मिलिमीटरला महिना. 23 सेंटिमीटरच्या विटेच्या भिंतीला नऊ महिने. आम्ही उघड्या विटांसह एक उन्हाळा आणि हिवाळा काढला. पाहुणे विचारायचे, उत्तर द्यावं लागायचं. पण घाईने गिलावा केला असता तर आतलं पाणी पुन्हा त्यातूनच बाहेर आलं असतं.

नवा गिलावा चुन्याचा किंवा क्षार सहन करणारा घ्या. जिप्समचा इथे नको, तो ओल धरतो आणि खराब होतो. आतून पाणी न सोडणारा रंग किंवा थर लावू नका. पाणी कोंडलं की ते वरची वाट शोधतं, दरवर्षी आमची ओल चार बोटं का चढत होती ते मला तेव्हा कळलं. हवा खेळू देणारा साधा रंग पुरतो.

हे सगळं करूनही, बाहेरची पातळी योग्य असूनही, ओल जमिनीतून चढतच राहिली तरच भिंतीत भोकं पाडून पाणी अडवणारं रसायन भरण्याचा विचार करा. साधारण 10 ते 12 सेंटिमीटर अंतरावर, जोत्याजवळच्या आडव्या सांध्यात ही भोकं घेतात. मला कोटेशन देणाऱ्या तिघांनी पहिल्या भेटीतच हे सुचवलं होतं. बाहेर जाऊन मातीची पातळी एकानेही पाहिली नव्हती.

नव्या गिलाव्यानंतरचा हा दुसरा पावसाळा. पेन्सिलच्या जुन्या खुणा मी मुद्दाम फोटोत मोजून ठेवल्या आहेत आणि दर आठवड्याला भिंतीवरून हात फिरवतो. सगळी भिंत कोरडी आहे. फक्त दाराजवळच्या कोपऱ्यात, जिथे स्विचबोर्डामुळे जुना गिलावा हातभर तसाच ठेवला होता, तिथे दमट दिवशी एक तळहाताएवढी जागा गडद होते आणि ऊन पडलं की जाते. फॉइल लावून पाहिली, मागे थेंब नाहीत. म्हणजे जुने क्षारच. इलेक्ट्रिशियनला बोर्ड हलवायला सांगितलं आहे, ते झालं की तेवढा तुकडाही काढून टाकणार.